पट सप्टेंबरचा, लेकरं कारखान्यावर : जिल्हा परिषद शाळांना नियमांतून मिळालेल्या मोकळिकीचा इतिहास

पेट पास झालेल्या एका ज्युनियरनं मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं, "दादा, सिनॉप्सिसमध्ये 'शालेय स्वायत्तता' असा शब्द टाकू का? गाईड म्हणतात विषय मोठा वाटतो." मी म्हणालो, टाक, पण आधी एक काम कर. कोणत्या नियमातून, कोणाला, किती दिवसांची आणि कोणाच्या पैशानं मोकळीक, हे चार प्रश्न त्या शब्दासमोर लिहून बघ. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: "शब्द काढला."

शब्द काढायची गरज नव्हती खरं तर. पण ते चार प्रश्न मला स्वतःला फार उशिरा सुचले, म्हणून आज त्यावरच लिहितोय. उदाहरण माझ्या कामातलंच घेतो. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचं गाव आहे. तिथून आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून दिवाळी झाली की माणसं ऊस तोडायला निघतात. तालुक्याच्या वरच्या अंगाला गोदावरी आहे, काही भागातून जायकवाडीचा उजवा कालवा जातो, गढीला सहकारी साखर कारखानाही उभा राहिला. तरी टोळ्या निघतातच, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि पुढे कर्नाटकातही. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मागं कोणी सांभाळणारं नसलं तर लेकरंही सोबत जातात. परत यायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला की.

आता शाळेचं वर्ष बघा. जूनमध्ये सुरू, दिवाळीला पहिलं सत्र संपतं, दुसरं सत्र एप्रिलपर्यंत. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ पूर्णच्या पूर्ण गळीत हंगामात जातं. ही काही गुपित गोष्ट नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग शाळेनं आपलं वर्ष हलवलं का नाही? जिल्हा परिषदेची शाळा, गावातली शाळा, गावचीच शाळा व्यवस्थापन समिती. त्यांना कोणी अडवलं?

इथून माझा इतिहास सुरू होतो.

राज्यातल्या प्राथमिक शाळेला वर्षाला साधारण ७६ सुट्ट्यांची मर्यादा असते, आणि कामाचे दिवस ठरलेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. या सगळ्यात मुख्याध्यापकाच्या स्वतःच्या अधिकारातल्या सुट्ट्या किती? दोन-तीन. गावची जत्रा, एखादा उरूस, फार तर एखादा स्थानिक बाजाराचा दिवस. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि मुख्याध्यापकाच्या हातात दोन-तीन दिवस. मी पहिल्यांदा हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर नाही आलं.

पण नियम लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं समजू नका. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटलंय की शाळेच्या वेळा आणि सुट्ट्या मुलांच्या सोयीनं ठरवाव्यात. म्हणजे तत्त्व मान्य होतं. तत्त्व मान्य असून अधिकार खाली उतरला नाही, याचं कारण शोधायला थोडं मागं जावं लागतं. आणि मराठवाड्यासाठी ते 'मागं' मुंबई-पुण्याच्या मागच्यासारखं नाही. हे संशोधन सुरू करणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. आपण पटकन 'महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास' असं शीर्षक टाकतो आणि मुंबई इलाख्याचा इतिहास लिहून मोकळे होतो.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या. रँग्लर र. पु. परांजपे त्या काळात शिक्षणमंत्री होते. स्कूल बोर्डांनी काय गोंधळ घातला, बदल्यांचं राजकारण कसं झालं, यावर तक्रारी होत राहिल्या आणि १९३८ ची दुरुस्ती व १९४७ चा नवा कायदा यांनी बराचसा अधिकार पुन्हा सरकारकडे ओढला. म्हणजे तिकडं निदान एकदा देऊन काढून घेतलं. बीड मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथं शाळा खात्याच्या होत्या. वर नाझिम-ए-तालीमात, जिल्ह्याला मोहतमीम, आणि खाली मुदर्रिस. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू झालं आणि त्याची सावली माध्यमिक शाळांवर पडली. १९२० च्या दशकात खासगी शाळा काढायलाही सरकारी परवानगी सक्तीची झाली. गावानं वर्गणी काढून ओट्यावर शाळा भरवायची तर तीही विचारून.

अशा वेळी मोकळीक घ्यायचा एकच रस्ता उरतो, नियमाच्या बाहेर उभं राहणं. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली ती अशीच. हिप्परगा आजच्या धाराशिव जिल्ह्यात. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते, आणि १९३५ मध्ये ते व त्यांचे सहकारी अंबाजोगाईला आले, योगेश्वरी नूतन विद्यालयात. अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, आपल्याच बीड जिल्ह्यातलं. या शाळांचा इतिहास आपल्याकडे मुक्तिसंग्रामाचा पूर्वरंग म्हणून लिहिला जातो, तो बरोबरच आहे, कारण त्यातून कार्यकर्ते घडले आणि १९३८ मध्ये स्वामीजी शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात गेले. पण त्या शाळा दुसऱ्या अंगानंही वाचता येतात. सरकारी मान्यता म्हणजे अनुदान, तपासणी, आणि पुढच्या परीक्षेचा दरवाजा. तो दरवाजा बंद असूनही पालक मुलं पाठवतात, म्हणजे मोकळिकीची किंमत ते घरातून देतात. ती किंमत कोणाला परवडली असेल? ऊस तोडायला जाणाऱ्याच्या आज्याला तर नक्कीच नाही. हे लिहिताना मला थोडं अवघड वाटतं, कारण त्या शाळांबद्दल घरात आदरानंच ऐकत वाढलो. तरीही प्रश्न विचारायला हवा.

(जाता जाता कामाची गोष्ट. हैदराबाद संस्थानचे कागद बघणार असाल तर फसली सन आधी शिका. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळमानानं इसवी सन मिळतो, पण हैदराबादचं फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होतं, त्यामुळे एक फसली वर्ष दोन इसवी सनांत पसरतं. माझ्या पहिल्या पेपरात मी एक घटना अख्खं वर्ष पुढं सरकवली होती. परीक्षकानं पकडली. आणि गंमत अशी की फसली म्हणजे 'फसल'वरून, पिकाचं वर्ष. महसूल खातं पिकाच्या वर्षानं चालायचं. शाळेला ती सवलत नव्हती.)

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा परिषदेकडे गेल्या. मराठवाड्यात तर संस्थानी सरकारची हायस्कुलंही परिषदेकडे आली, म्हणून आजही आपल्याकडे 'जिल्हा परिषद प्रशाला' दिसतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं. कागदावर बघितलं तर ही मोठी स्थानिक सत्ता. पण शिक्षकांचा पगार राज्याच्या अनुदानातून, अभ्यासक्रम राज्याचा, १९६७ पासून पाठ्यपुस्तकं बालभारतीची, आणि कर्मचारी मान्यतेचे निकष मंत्रालयाचे. इमारत परिषदेची, कौलं परिषदेची, गळकं छत दुरुस्त करायची जबाबदारी परिषदेची. आत काय आणि कधी चालायचं ते दुसरीकडे ठरणार.

मला वाटतं मोकळिकीचा खरा प्रयोग मराठवाड्याच्या वाड्या-तांड्यांनी पहिल्यांदा पाहिला तो २००० नंतर, वस्तीशाळेच्या रूपानं. तोवरचा नियम सांगायचा की शाळेला इतकी लोकसंख्या हवी, पात्र शिक्षक हवा, खोली हवी. वस्तीवर यातलं काहीच नाही. मग शासनानं नियम सैल केले. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि १५ मुलं जमत असतील तर शाळा सुरू करा. खोली नसली तरी चालेल, देवळात भरवा, कोणाच्या पडवीत भरवा. डी.एड. शिक्षक नसला तरी चालेल, गावातलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी घ्या. त्याला म्हणायचं स्वयंसेवक, पुढे निमशिक्षक. मानधन महिन्याला १००० रुपये.

मी अशा एका निमशिक्षकांशी बोललो. आता ते नियमित शिक्षक आहेत, निवृत्तीला काही वर्षं राहिलीत. मी रेकॉर्डर चालू करून मोठ्या थाटात विचारलं, "सर, त्या काळात तुम्हाला शिकवण्याचं स्वातंत्र्य जास्त होतं का?"

ते म्हणाले, "होतं की. कोणी येतच नव्हतं बघायला. सकाळी भरवायची शाळा, दुपारी भरवायची, पोरं शेळ्या घेऊन यायची तर शेळ्या बांधून बसवायचो. पण हजार रुपयांत घर चालत नव्हतं, म्हणून मीबी एक वर्ष तोडीला गेलो होतो दिवाळीनंतर. शाळा बायकोनं सांभाळली."

मी रेकॉर्डर बंद केला. मुलाखतीच्या नियमात हे बसत नाही, प्रश्न पुढे चालू ठेवायला हवे होते. पण मला सुचेना. नियमातून सूट मिळाली शाळेला, आणि तिचा खर्च उचलला शिक्षकानं. इतका, की शिक्षकच टोळीत सामील झाला. त्यांनी सेवेत राहून डी.एड. पूर्ण केलं. शिक्षण हक्क कायदा आल्यावर वस्तीशाळांना तशा रूपात जागा राहिली नाही, काही नियमित प्राथमिक शाळा झाल्या, काही बंद झाल्या, आणि २०१४ मध्ये निमशिक्षकांना नियमित सेवेत घेतलं गेलं. आधीची वर्षं सेवेत धरावीत ही त्यांची मागणी त्यानंतरही चालूच राहिली.

इथं एक परदेशी उदाहरण देतो, कारण तुलनेचा मोह सगळ्यांनाच होतो आणि इथं तो कामाला येतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं २०१५ मध्ये कायदा करून स्थानिक शाळा-जिल्ह्यांना 'डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन' व्हायची मुभा दिली. जिल्ह्यानं आपला आराखडा करायचा, लोकांपुढे ठेवायचा, आणि पाच वर्षांपर्यंत राज्याच्या शिक्षण संहितेतल्या अनेक नियमांतून सूट घ्यायची. नाव नावीन्याचं. प्रत्यक्षात जिल्ह्यांनी सर्वाधिक सूट घेतली ती दोन गोष्टींत: शाळा कोणत्या तारखेला सुरू करायची, आणि प्रमाणपत्र नसलेला शिक्षक नेमता येईल का. पुढे बिनप्रमाणपत्र शिक्षकांचं प्रमाण इतकं वाढलं की २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाला पुन्हा मर्यादा घालाव्या लागल्या. टेक्सासचा श्रीमंत जिल्हा कुठं आणि गेवराईची वस्ती कुठं. तरी राज्यानं दोर ढिला केल्यावर दोन्हीकडे आधी हात गेला तो तारखेला आणि शिक्षकाच्या पात्रतेला. आपल्याकडे फरक एवढाच की पात्रतेची सूट लगेच मिळाली, कारण त्यात शासनाचे पैसे वाचत होते. तारखेची सूट काही मिळाली नाही.

तारखेऐवजी काय मिळालं, तर मुलामागं धावणारी शाळा. साखरशाळा. कारखान्याच्या आवारात, कोप्यांच्या शेजारी, हंगामापुरती शाळा भरवायची. 'जनार्थ'सारख्या संस्थांनी पश्चिम महाराष्ट्रात अशा शाळा चालवल्या. कल्पना चांगली, आणि जी मुलं तिथं बसली ती शिकलीही. पण ऊसतोडीतली माहिती नसणाऱ्याला यातली मेख कळत नाही. बैलगाडीवाल्या टोळ्या, ज्यांना गाडी सेंटर म्हणतात, त्या कारखान्याजवळ एका जागी तळ ठोकतात. ट्रक-ट्रॅक्टरवर ऊस भरणाऱ्या टोळ्या मात्र फडाप्रमाणे गाव बदलत राहतात. साखरशाळा पहिल्यांना गाठू शकते, दुसऱ्यांना नाही. सोबत गेलेल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीकडे कोपीवर लहान भावंडं असतात, ती कारखान्यावर असली तरी शाळेत बसेलच असं नाही. त्यात शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि मान्यतेशिवाय शाळा चालवणं हाच गुन्हा ठरला. कायद्याचा हेतू सरळ होता, गरिबाच्या मुलाला अर्धीमुर्धी शाळा नको, पूर्ण शाळा हवी. तो हेतू मला पटतो. पण त्या हेतूखाली साखरशाळाही गेली. आता मुलानं कारखान्याजवळच्या नियमित शाळेत जावं, त्याला वयानुसार वर्गात घ्यावं, दाखला नसला तरी अडवू नये, असं कायदा सांगतो. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचे प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

मग प्रत्यक्षात काय होतं? इथं मला माझ्या प्रबंधातली एकमेव गोष्ट सापडली जी मी अभिमानानं सांगतो, आणि ती एका तारखेत आहे. ३० सप्टेंबर.

त्या दिवशीचा पट हा शाळेचा खरा पट. त्यावर संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक मिळणार ते ठरतं. ३० सप्टेंबरला उमापूर परिसरातलं लेकरू गावातच असतं, टोळी अजून निघालेली नसते. ते गावच्या पटावर मोजलं जातं. नोव्हेंबरात ते कारखान्याजवळच्या शाळेत पोचतं, तेव्हा मोजणी होऊन गेलेली असते. त्या शाळेला त्याच्यासाठी जास्तीचा शिक्षक मिळत नाही, फक्त वर्गात जास्तीची पोरं मिळतात. म्हणजे जिथं ते मोजलं जातं तिथं बसत नाही, आणि जिथं बसतं तिथं मोजलं जात नाही. तिकडचे गुरुजी नाखूश असतील तर दोष फक्त त्यांच्या मनाचा म्हणता येत नाही. आणि गावच्या शाळेला मूल 'स्थलांतरित' दाखवून त्याचा दाखला पाठवायचा तर स्वतःचा पट आणि शिक्षक धोक्यात. कोणतीच शाळा वाईट वागत नाहीये. तारखेनं त्यांना तसं वागायला भाग पाडलंय.

२०११ ची पटपडताळणी आठवत असेल. नांदेडमध्ये बोगस विद्यार्थी सापडल्यावर राज्यभर ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत सगळ्या शाळांची मोहीम झाली, आणि निम्म्याहून कमी हजेरी सापडलेल्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार आली. ६ ऑक्टोबरला दसरा होता, दिवाळी तीन आठवडे लांब. टोळ्या गावातच होत्या. हीच मोहीम जानेवारीत झाली असती तर बीड जिल्ह्यातल्या किती प्रामाणिक शाळा बोगस ठरल्या असत्या, याचा विचार करून बघा. उत्तर शोधायला आकडे नाहीत, पण प्रश्न मात्र कामाचा आहे: आपण ज्याला 'शैक्षणिक आकडेवारी' म्हणतो ती कोणत्या महिन्यात गोळा झाली?

साखरशाळेनंतर उलटा उपाय जोर धरू लागला. मुलामागं शाळा नेण्याऐवजी मुलाला गावातच ठेवायचं. सर्व शिक्षा अभियानाच्या पैशातून हंगामी वसतिगृहं निघाली, ती शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायची. मूल आजी-आजोबांकडे किंवा शाळेत राहणार, जेवणाची सोय समिती करणार, सहा महिने. बघा, ही कदाचित एकमेव सोय आहे जिच्यात गावच्या समितीला थोडाफार अधिकार मिळाला: कुठं ठेवायचं, स्वयंपाक कोणी करायचा. बोगस पटाच्या तक्रारी त्यातही आल्या आणि प्रत्येक तक्रारीनंतर एक नवा नमुना, एक नवी तपासणी वाढत गेली. बऱ्याचदा मंजुरी आणि पैसे यायला इतका उशीर होतो की तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात. पुढे २०२१ मध्ये शासनानं ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहांना मंजुरी दिली, ती सामाजिक न्याय विभागाकडून, शिक्षण खात्याकडून नाही. याचा अर्थ काय लावायचा यावर माझं आणि माझ्या गाईडचं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं खातं बदललं म्हणजे प्रश्नाकडं बघण्याची नजर बदलली. मला वाटतं नुसतं लेखाशीर्ष बदललं.

लेखाशीर्षावरून सांगतो. शासन निर्णय वाचायला शिकताना आपण प्रस्तावना वाचतो, कारण तिथं सुंदर वाक्यं असतात. उलटं करा. शेवटून वाचा. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, कोणाच्या सहमतीनं, आणि प्रती कोणाकोणाला. ज्या निर्णयात 'स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा' असं लिहून पुढे लेखाशीर्षच नसतं, तिथं मोकळीक दिलेली नाही, जबाबदारी ढकललेली आहे. हा एक निकष मला शंभरेक निर्णय वाचून मिळाला, तुम्हाला फुकट देतोय.

वरच्या टोकाची मोकळीकही एकदा येऊन गेली. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ सुरू झालं. पहिल्या टप्प्यात १३ जिल्हा परिषद शाळा, त्यांना राज्याच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाच्या बाहेर जायची परवानगी. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीचं नाव त्या काळात गाजलं. त्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचा निर्णय झाला होता. एकाच खात्यानं, वर्षभराच्या अंतरानं, १३ शाळांना पंख दिले आणि हजारावर शाळांची दारं बंद करायला घेतली. दोन वर्षांत सरकार बदललं आणि २०२० मध्ये ते मंडळही गुंडाळलं गेलं. त्या १३ शाळांतल्या पालकांची आणि शिक्षकांची काय अवस्था झाली असेल यावर कोणीतरी एम.फिल.च्या आकाराचं काम करायला हवं होतं. एम.फिल. राहिलं नाही, पण विषय मोकळा आहे, घ्या. कायद्यानं मिळालेली सूट आणि शासन निर्णयानं मिळालेली सूट यांतला फरक त्या एका उदाहरणात कळतो. टेक्सासमध्ये सूट कायद्यात होती, म्हणून काढायची तर विधिमंडळात चर्चा करावी लागली. इथं एक निर्णय पुरला.

आता शेवटची गोष्ट, जी प्रबंधात कशी लिहायची हे मला अजून नीट कळलेलं नाही.

२०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायला मराठवाड्यात जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, सगळं. वर्षानुवर्षं 'सापडत नाही' म्हणून सांगितलेली रजिस्टरं अचानक टेबलावर आली. सगळ्यांची नजर जातीच्या रकान्यावर. मी त्याच पानांवर शेवटचा रकाना बघत होतो, 'शेरा'. तिथं कधी लिहिलेलं असतं 'सतत गैरहजर', कधी 'परगावी', कधी काहीच नाही.

दाखल-खारीजच्या पुढे मी हजेरीपटांकडे गेलो, आणि तालुक्यातल्याच एका शाळेत, नाव सांगत नाही, मला माझ्या स्वतःच्या चौथीच्या वर्षाचा हजेरीपट मिळाला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. माझ्या नावापुढे हजेरी आहे. सलग नाही, मध्ये मध्ये गैरहजर, खरी वाटावी इतपत. त्या तीन महिन्यांत मी कारखान्यावर होतो. मला आठवतंय, कारण त्याच थंडीत धाकटी बहीण आजारी पडली होती आणि मी तिला घेऊन दिवसभर कोपीत बसायचो. शाळेत मी नव्हतोच. गुरुजींनी नाव कापलं नाही. एप्रिलमध्ये आलो तेव्हा परीक्षेला बसवलं, पाचवीत घातलं. म्हणून आज हे लिहितोय.

आता हा कागद काय आहे? नियमाच्या भाषेत खोटी नोंद. पटपडताळणीच्या भाषेत बोगस विद्यार्थी. आणि माझ्यासाठी, त्या शाळेनं स्वतःच्या हिमतीवर घेतलेली एकमेव खरी मोकळीक, पेनानं केलेली, कोणालाही न विचारता. अशी किती पानं असतील तालुक्यात? आणि त्या शेजारच्या ओळीत, माझ्याच वयाच्या एका मुलीपुढे जानेवारीत 'नाव कमी केले' लिहिलंय. तीही आमच्याच टोळीत होती. माझं नाव ठेवलं आणि तिचं का कापलं, हे गुरुजींना विचारता येणार नाही, ते आता नाहीत. पट टिकवायचा म्हणून मुलाचं नाव ठेवलं असेल, पोरगी आता मोठी झाली, येणार नाही असं वाटलं असेल, किंवा तिच्या घरच्यांनीच सांगितलं असेल. कागद यातलं काही सांगत नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, "गुरुजी भला माणूस व्हता. तिच्या बापानं जाताना सांगितलंच नाही, आम्ही सांगून गेलो व्हतो."

म्हणजे मोकळीक मिळायला गुरुजींच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. मी ही ओळ तोंडी इतिहासाच्या प्रकरणात टाकली आहे. गाईडनी समासात लिहिलंय, 'पुरावा एकच, सामान्यीकरण नको.' बरोबर आहे त्यांचं. म्हणून या एप्रिलमध्ये, टोळ्या परतल्या की, त्या वर्षाच्या वर्गातली जी सापडतील त्यांची नावं घेऊन फिरणार आहे. हजेरीपटावर ३१ नावं आहेत. दुसऱ्या सत्रात त्यातली नऊ कमी केलेली आहेत, आणि त्या नऊपैकी सात मुली.